हरवलेल्या वजनाचा हिशेब

कोळसा जळून मूठभर राख उरते. मग बाकीचें द्रव्य गेलें कोठें? अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें लाव्हाझिए यांनीं तराजू हातीं घेऊन अशा प्रश्नांचें उत्तर दिलें. जळणारी वस्तु व तिनें घेतलेला प्राणवायु यांचें जेवढें वजन, तेवढेंच राख व वायु यांचें भरतें. द्रव्य नाहींसें होत नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत शक्तीविषयींहि तसाच नियम ठरला. पण हीं दोन खातीं निरनिराळीं, असाच समज होता.

इ. स. १९०५ मध्यें बर्न येथील पेटंट कचेरींत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइन यांनीं तीं खातीं मुळांत एकच असल्याचें दाखविलें. वस्तुमानास प्रकाशवेगाच्या वर्गानें गुणिलें म्हणजे शक्तीचें माप मिळतें. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें ३ लाख किलोमीटर. म्हणून केवळ एक ग्रॅम द्रव्याच्या पोटीं अडीच कोटी युनिट विजेइतकी शक्ति असते. उलट एक टन कोळसा जळाला तर वस्तुमानांत येणारी घट मिलिग्रॅमच्या एक तृतीयांशाच्या आसपास! ती लाव्हाझिए यांच्या तराजूस कळावी कशी?

पुढें एका घटनेनें या सूत्राचा पडताळा आणून दिला. ज्यू कुळांत जन्मलेल्या लीझ माइट्नर यांना १९३८ च्या जुलैंत हिटलरच्या जर्मनींतून पळून जावें लागलें. त्यांचे तीस वर्षांचे सहकारी ऑटो हान बर्लिनमध्येंच राहिले. डिसेंबरांत हान यांचें पत्र स्वीडनला आलें: युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला असतां बेरियम सांपडतो, याचा अर्थ काय? नाताळांत कुंगेल्व गांवीं माइट्नर व त्यांचे भाचे ऑटो फ्रिश बर्फांतून फिरावयास निघाले आणि एका ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड करूं लागले. अणुगर्भ दुभंगला असेल, तर त्याचे तुकडे सुमारें २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीनें दूर फेंकले जातील. ती शक्ति आली कोठून? माइट्नर यांनीं तुकड्यांचें वस्तुमान मांडलें. तें एका प्रोटॉनच्या सुमारें पंचमांशानें कमी भरलें. त्या तुटीस आइन्स्टाइन यांचें सूत्र लावतांच उत्तर आलें, तेंहि सुमारें २० कोटीच!

या शोधाबद्दल १९४४ चें नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळालें. बाँब बनविण्याच्या कामांत सामील होण्यास माइट्नर यांनीं साफ नकार दिला. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमा शहर बेचिराख झालें. श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, त्या वेळीं शक्तिरूप झालेलें द्रव्य पुरतें एक ग्रॅमहि नव्हतें.

सूर्यहि याच नियमानें दर सेकंदास सुमारें ४० लाख टन वस्तुमान खर्ची घालीत आहे. त्याचा अत्यल्प अंश पृथ्वीवर पोंचतो, शेतांत पिकें वाढवितो आणि अखेर ताटांतील भाकरींत उतरतो.