लक्षण म्हणजे पुरावा नव्हे

रात्रीच्या वेळी पोलिसाने एक मोटार थांबविली. आतल्या गृहस्थाचे हात कापताहेत, जीभ अडखळते आहे, घाम फुटला आहे. आपण काय म्हणाल? ‘प्यालाय, झालं!’ पण तो मधुमेही असेल, इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबल्यामुळे त्याच्या रक्तातली साखर उतरली असेल, तर? त्याला हवा असतो साखरेच्या पाण्याचा पेला, आणि त्याच्या वाट्याला येते कोठडी! तिथे ‘झोपलाय’ म्हणून कुणी हलविले नाही, तर जिवावरच बेतायचे.

बरे, फुंकर मारून घेणारे यंत्र तरी? मद्यार्क असलेल्या औषधाने नुकतीच चूळ भरली असेल, तर तोंडात रेंगाळलेला तो अंशही यंत्र मोजते. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजावे, हे बरे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. म्हणजे कायदा मोजमाप मागतो. महाराष्ट्रातल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की नुसता वास, झोकांड्या आणि अडखळते बोलणे एवढ्यावरून माणूस प्यालेला ठरत नाही.

पिऊन मोटार हाकणाऱ्याची गय नकोच. पण जी तपासणी निरपराध्याला सोडविते, तीच अपराध्याला पक्की अडकविते. म्हणून आपल्यावर असा प्रसंग आला, तर हुज्जत घालू नका. आजार सांगा, औषध दाखवा आणि रक्त तपासा म्हणा.