पोलादाच्या पोटातला ताण



बल्लारपूरच्या एखाद्या आरागिरणीत निलगिरीचा ताजा ओंडका करवतीवर चढलेला पाहावा. पातं मधोमध पुढे सरकतं आणि मागे चिरलेले दोन्ही भाग बाहेरच्या अंगाला वाकत एकमेकांपासून दूर जातात. त्यांना वाकवलेलं कुणीच नसतं. झाड वाढतानाच त्याचे बाहेरचे थर ताणलेले आणि गाभा दाबलेला राहतो. करवत त्या दोघांमधला तोल मोडते.

पोलादाचंही तसंच आहे. वेल्डिंगचा वितळलेला धातू निवताना आकसू पाहतो, शेजारचा थंड भाग त्याला आकसू देत नाही. मग कसलाही भार नसताना जोडात ताण उरतो. शास्त्रज्ञ त्याला अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. भेगा पडायला तो मदत करतो. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी वाफेचे जाड पाइप जोडल्यावर जोड पुन्हा तापवून सावकाश निवू देतात, ते हा ताण उतरवण्यासाठीच. कारागीर त्याला ‘स्ट्रेस रिलीव्हिंग’ म्हणतात.

पण तो खरोखर उतरला का?

कापून किंवा भोक पाडून मोजता येतं, मात्र तो तुकडा कामातून जातो. प्रयोगशाळेतले क्ष-किरण पोलादाच्या जेमतेम वरच्या थरातच शिरतात. न्यूट्रॉन या कणावर मात्र विद्युतभार नसल्याने तो काही सेंटिमीटर आत जातो. अणूंच्या थरांवरून तो ठरावीक कोनात परततो, यालाच विवर्तन म्हणतात, आणि त्या कोनावरून थरांमधलं अंतर कळतं. चौरस मिलिमीटरमागे वीस किलो वजन टांगल्याइतका ताण असेल, तर पोलादात हे अंतर हजारात एका भागाने वाढतं. त्याच धातूच्या ताणमुक्त तुकड्याशी तुलना करत, एकेका ठिकाणी मोजत, जोडाच्या आतला नकाशा तयार होतो. इंग्लंडमधल्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रात ‘एंजिन-एक्स’ हे उपकरण खास याच कामासाठी आहे.

महाराष्ट्रात न्यूट्रॉनचा झरा तुर्भ्याला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातली १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ अणुभट्टी ऑगस्ट १९८५मध्ये सुरू झाली. तिच्याभोवती न्यूट्रॉन विवर्तनाची उपकरणं मांडलेली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेचं मुंबई केंद्र विद्यापीठांतल्या संशोधकांना तिथपर्यंत नेतं.

असंच एक विद्यापीठ, गोंडवाना विद्यापीठ, चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११मध्ये स्थापन झालं. त्याच भागातल्या सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं. ज्या मातीतून लोखंड निघतं, तिथल्याच एखाद्या मुलीने वेल्डिंगचा तुकडा घेऊन तुर्भ्याची वाट धरावी. तिच्यासाठी ती वाट मोकळी आहे, हे तिला शाळेतच कळायला हवं.