पायाला बांधलेली चिठ्ठी

कामाचा खाडा करून दूरच्या गावांतून आलेले आईबाप, आणि आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

सकाळी परतवाडा सोडलं. घाट चढून सेमाडोह, मग हरिसाल आणि धारणी येईपर्यंत एकच साल डोक्यात घोळत होतं, 1823. कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचा 'शोध' त्या साली लावला, असं आपण वाचत आलो. लोणार सरोवराचा शोध सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लावला, तेही साल 1823. आता पाहा, चिखलदऱ्याच्या शेजारीच गाविलगड आहे. तो जिंकायला इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज 1803च्या डिसेंबरात, म्हणजे वीस वर्षं आधीच, येऊन धडकली होती. आणि लोणारात दैत्यसूदनाचं देऊळ कित्येक शतकं उभं आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचा लोणारातला मुक्काम त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात, लीळाचरित्रात, नोंदलेला आहे. मग 1823 साली सापडलं काय? त्या जागांची इंग्रजीत नोंद झाली, इतकंच.

त्या नोंदीला मी कमी लेखत नाही. नोंद झाली म्हणून पुढे भूशास्त्रज्ञ लोणारला आले, भांडले, खडक फोडून पाहिले. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा तो खड्डा ज्वालामुखीचा म्हणून ओळखला जायचा. आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले स्फटिक तिथल्या बेसाल्टमध्ये सापडले आणि 1973 साली तो उल्केचा घाव आहे हे पक्कं झालं. नोंद ही फार मोठी ताकद आहे. म्हणूनच ती कोण करतो आणि खरी करतो का, यावर मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमच्या मेळघाटाच्या जंगलात एक पक्षी आहे, रानपिंगळा. जेमतेम वीतभर, पोट पांढरं, डोकं जरा थोराड. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नाहीतच. घुबडाच्या जातीचा असून हा दिवसा शिकार करतो. सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर बसतो आणि शेपूट हलवत राहतो. ब्लेविट यांनी 1872 साली आजच्या छत्तीसगडच्या भागात त्याचा पहिला नमुना मिळवला, दुसऱ्या वर्षी ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव तुम्ही काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचलंत. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने आणखी काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र या पक्ष्याचा पत्ता नाही.

मग एक नमुना पुढे आला. संग्रहालयात पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मिळाला, कधी, कोणी मिळवला, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी नसेल तर तो पक्षी म्हणजे नुसती पिसं. रिचर्ड माइनर्त्झहागेन या नामांकित लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर होतं: गुजरातमधलं मांडवी, 1914. पुढच्या शोधकांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. सालिम अलींसारख्या पक्षितज्ज्ञालाही हा पक्षी मिळाला नाही. आता तो नामशेषच झाला असावा, असं लोक म्हणू लागले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी पक्षी शोधायच्या आधी ती चिठ्ठी तपासली. नमुना पुन्हा नव्याने भरलेला होता, पण डेव्हिडसन यांची पक्षी भरायची जी खास रीत होती, तिच्या खुणा आत शिल्लक होत्या. म्हणजे तो डेव्हिडसन यांचाच जुना पक्षी. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला. ते खोटं ठिकाण बाजूला सारून त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांच्या मागावर निघाले. 25 नोव्हेंबर 1997च्या सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात तो बसलेला दिसला, भर उजेडात. 113 वर्षांनी! त्यानंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली, आणि आज मेळघाट हे त्याच्या सर्वांत भक्कम घरांपैकी एक मानलं जातं. इथे शेळ्या चारणाऱ्या पोराच्या डोक्यावरच्या फांदीवर तो तेव्हाही बसत असेलच. त्या पोराला कोणी विचारलं नाही.

खोट्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली, तर खऱ्या चिठ्ठीचीही सांगायला हवी, आणि ती आपल्याच अमरावती जिल्ह्यातली आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामी निघून गेले होते, उरल्या होत्या लोकांच्या आठवणी. म्हाइंभट ज्याच्या-त्याच्याकडे गेले आणि विचारून, ऐकून त्यांनी लिहून घेतलं. मला सगळ्यांत जास्त मोलाची वाटते ती एक लहान गोष्ट. एकाच प्रसंगाबद्दल दोघांची आठवण वेगळी निघाली, तर पोथीत दुसरी आठवणही नोंदलेली सापडते, आणि तिच्याआधी शब्द येतो 'शोधु'. आपण आज 'शोध' म्हणतो ना, तोच. दुसरा माणूस काय म्हणतो तेही टिपून ठेवणं, हा त्या शब्दाचा तिथला अर्थ. मराठी गद्याच्या पहिल्याच ग्रंथात हे आहे आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक 'सकळ' लिपीत लिहिल्या. बाहेरच्या मराठी जगाला कित्येक शतकं आपलंच हे गद्य ठाऊक नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली, तेव्हा केवढा शोध लागला म्हणून गाजावाजा झाला. मठामठांतले महंत मात्र त्या पोथ्या वाचतच होते.

आता तुमच्या घरात येतो. तुमच्यातल्या कितीतरी जणांची आई कोरकू बोलते. मराठी, हिंदी, गोंडी, अवतीभवतीच्या एकाही भाषेशी कोरकूचं रक्ताचं नातं नाही. तिचे सख्खे लोक झारखंडात आहेत, संथाळी आणि मुंडारी बोलणारे. तुम्ही सहाला 'तुरुई' आणि दहाला 'गेल' म्हणता, संथाळही जवळपास तसंच म्हणतात. पाण्याला तुम्ही 'डा' म्हणता, ते 'दाक' म्हणतात. डोळ्याला तुमच्याकडे 'मेड' म्हणतात. (माझा उच्चार चुकला असेल तर नंतर दुरुस्त करा.) संथाळीत 'मेत', मेघालयात खासी लोकांत 'ख्मत', आणि थेट व्हिएतनाममध्ये 'मात'. 1906 साली भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म श्मिट यांनी या सगळ्या गोतावळ्याला ऑस्ट्रोएशियाटिक हे नाव दिलं. व्हिएतनामच्या किनाऱ्यापासून पसरलेल्या त्या कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं घर म्हणजे कोरकू. जनुकांचे अभ्यास सांगतात की मुंडा भाषा बोलणाऱ्यांच्या बापाकडचा एक धागा आग्नेय आशियाकडे जातो, आणि आईकडचे बहुतेक धागे इथल्याच मातीतले आहेत. घरात मिरची वाटताना आई जे शब्द बोलते, त्यांत हा सगळा प्रवास आहे.

नाचाला तुम्ही 'सुसुन' म्हणता. मुंडारीतही 'सुसुन'च. आणि नाच म्हटला की ढोल-तबला आलाच. साध्या ताणलेल्या चामड्यातून नाद निघतो, सूर निघत नाही, कारण त्याच्या कंपनांचं आपसांत गणित जुळत नाही. तबल्याच्या मधोमध जो काळा गोल असतो, ती शाई. कारागीर लोखंडाचा कीस आणि खळ यांचा लगदा थरावर थर चढवतो, प्रत्येक थर दगडाने घासतो आणि कानाने ऐकत ठरवतो कुठे थांबायचं. चामड्याला मधोमध वजन आलं की त्याची कंपनं तारेसारखी सुरात येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली याचं भौतिकशास्त्र मांडलं. कानाने सापडलेली ही गोष्ट गणितात यायला शेकडो वर्षं गेली, आणि त्या पहिल्या कारागिराचं नाव कुठल्याच चिठ्ठीवर नाही.

संथाळी 2003च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली. तिची बहीण कोरकू अजून बाहेरच आहे. 2011च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणाऱ्यांची नोंद सव्वासात लाखांच्या आसपास आहे. शाळेत पहिलीचं पुस्तक कोणत्या भाषेत असावं, दवाखान्यात बाईला तिचं दुखणं कोणत्या भाषेत सांगता यावं, असल्या मागण्या शेवटी या आकड्यांवर येऊन ठेपतात. आणि या आकड्यांबाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे.

1991च्या जनगणनेत मी तरुण मास्तर होतो आणि तुमच्याच भागात प्रगणक म्हणून फिरत होतो. संध्याकाळ झाली होती, घरं उरकायची होती. एका दारात बाई सूप घेऊन बसली होती, कडेला पोर. मी तिला हिंदीत विचारत गेलो, ती तोडक्यामोडक्या हिंदीत सांगत गेली. मातृभाषेचा रकाना आला. विचारलंच नाही मी. ती हिंदीत बोलते आहे ना, मग लिहून टाकलं 'हिंदी', तिचंही आणि त्या पोराचंही. घराबाहेर पडलो तेव्हा ती पोराला जवळ घेऊन काहीतरी गुणगुणत होती, आणि त्यातला एक शब्दही मला कळला नाही. तेव्हा लक्षात आलं. मागे फिरून खोडायला हवं होतं. अंधार पडत होता, मी पुढच्या घरी गेलो. सांगणारा जी सांगेल तीच मातृभाषा लिहायची, असा नियम आहे. मी दोन माणसांच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधून आलो.

आज मी हे तुमच्यासमोर बोलतो आहे, कारण पुढच्या गणनेचं काम तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात येईल. कोणी मास्तर व्हाल, कोणी ग्रामपंचायत अधिकारी, कोणी जंगलात रोजची गस्त लिहाल, कोणी आरोग्य केंद्रात केसपेपर भराल. त्या बाईचं पोर आता पस्तिशीला आलं असेल, त्याचीही पोरं असतील. संध्याकाळी उशिरा तुम्ही त्या दारात पोचाल, घरं उरकायची असतील. तुम्हाला तिची भाषा येते. रकाना भरण्याआधी तिच्याच भाषेत तिला विचारा.