वेदना दूरध्वनीवरून सांगताना

साथीच्या दिवसांत सर्वांचे लक्ष ताप-खोकल्याकडे होते. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे दुखणे, ज्यास वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते, ते काही टाळेबंदीसाठी थांबत नाही. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसृत झाली. १३ एप्रिलपासून ‘ई-संजीवनी ओपीडी’द्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळू लागला.

वेदनेच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. डॉक्टरांचा हात रुग्णाच्या पाठीपर्यंत पोहोचत नव्हता. कोठे दाबले असता कळ येते, पायांत शक्ती किती उरली आहे, हे दूरध्वनीवरून कसे समजावे? तपासणीचा बराचसा भार शब्दांवर आला; आणि या शब्दांत मराठी भाषा चांगलीच संपन्न आहे. गुडघा ठणकतो, कंबरेत चमक भरते, तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात. हे सारे एक नव्हे. आग आणि मुंग्या म्हटले की मज्जातंतूंच्या विकाराची शंका येते. वेदना शून्य ते दहा या मापाने मोजण्याची रीत आहे खरी. पण घरातील वडीलधारी स्त्री ‘बरे आहे’ म्हणून मोकळी होते. तिला आकडा विचारण्यापेक्षा पाण्याची कळशी उचलवते का, रात्री कूस बदलता येते का, हे विचारलेले बरे.

पाठदुखीबरोबर पाय लुळे पडू लागले, लघवीवरील ताबा सुटला, तर मात्र दूरध्वनीवर विसंबून चालत नाही. अशा रुग्णास प्रत्यक्ष तपासणीसाठी बोलावण्याची मुभा तत्त्वांनी डॉक्टरांना दिलेली होती.

खरी कोंडी झाली ती तीव्र वेदनेच्या औषधांची. अमली व मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखालील औषधे दूरस्थ सल्ल्याने लिहून देण्यास या तत्त्वांनी मनाई केली होती. कर्करोगाच्या वेदनेवरील मॉर्फीन त्यात आलेच, शिवाय २०१८ मध्ये त्या कायद्याखाली आणलेले ट्रॅमाडॉलही आले. गैरवापर रोखण्याचा हेतू रास्तच. परंतु ज्याच्या वेदनेला सर्वांत अधिक जोर, त्याच्याच घरी दूरध्वनीचा उपयोग सर्वांत कमी झाला. एस. टी. आणि रेल्वे बंद असताना त्या चिठ्ठीसाठी घरातील कोणाला तरी प्रत्यक्ष रुग्णालय गाठावे लागे.