दारी येणारी मांजरे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी मांजरांवर बोलणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आले असेल. पण ओट्यावरचे दुधाचे पातेले लवंडले, की हे हसू कुठल्या कुठे पळते, हे आपण सर्वजणी जाणतो.

आमच्या मनीला जाण्यायेण्यासाठी मागच्या दाराला खाली झुलती झडप बसवली आहे. पण मनीला वाट, म्हणजे गल्लीतल्या बोक्यालाही वाट! यासाठी खिट्टीची झडप घ्यावी आणि दिवेलागणीला आपले मांजर घरात आले की खिट्टी लावावी. आपल्या मांजराच्या कातडीखालची मायक्रोचिप ओळखूनच उघडणारी झडपही मिळते. मात्र ती महाग पडते. ज्यांच्याकडे मांजर नाही, त्यांनी खिडकीला जाळी लावावी आणि अन्न उघडे ठेवू नये, एवढे पुरे.

परंतु दार लावल्याने आपले दूध वाचते, मांजरे कमी होत नाहीत. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. सुमारे नऊ आठवड्यांत ती विते, बहुधा तीन ते पाच पिले होतात, आणि वर्षातून दोन-तीनदा हे घडू शकते. काही घरांतून पिले पोत्यात घालून दूर मंडईत सोडून येतात. अंगावरची पिले गेली, की भाटी लवकरच पुन्हा माजावर येते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच पोते! शिवाय उपासमार होईल अशा रीतीने जनावर टाकून देणे हा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

खरा उपाय शस्त्रक्रियेचा. आम्ही पाच शेजारणींनी वर्गणी काढून गेल्या वर्षी गल्लीतल्या तीन भाट्या व दोन बोके जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. पिंजऱ्यात सुकटीचा तुकडा ठेवला, की मांजर आपण होऊन आत शिरते. एका भाटीला लहान पिले होती. ती स्वतः खाऊ लागेपर्यंत आम्ही थांबलो. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. बोक्याची लहान असते. भाटीचे पोट उघडावे लागते, म्हणून तिला काही दिवस कोरड्या, बंद जागी जपावे लागते. भुलीतच कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. रेबीजची लसही त्याच वेळी टोचून घ्यावी. बोक्याला मात्र नंतरही काही आठवडे पिले होऊ शकतात, हे ध्यानात ठेवावे.

ती मांजरे आजही आमच्याच गल्लीत आहेत. रात्रीचे भांडण आणि जिन्यातला उग्र वास पुष्कळ कमी झाला, आणि यंदा पावसात जिन्याखाली भिजलेली पिले कोणाला उचलावी लागली नाहीत.

“मांजर आमचे नाही, आम्ही पैसे का द्यावेत?” असे काहीजणी विचारतात. पण ज्या मांजराला रोज वाटीभर काही घालतो, ते अगदीच परके कसे? नुसते खाऊ घालणे ही अर्धी दया झाली. तेही दूध नको. पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पाणी आणि थोडे अन्न घालावे.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की प्रत्येक गल्लीने आपापली मांजरे मोजावीत, आणि पुढच्या सभेला येताना तो आकडा व जमेल ती वर्गणी घेऊन यावे.