वाटपानंतरचं वर्ष

पुनर्वसनाच्या कामात आयुष्य घातलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्याकडे साहित्यवाटपाची शिबिरं भरपूर होतात. मांडव पडतो, तीनचाकी सायकली आणि चाकाच्या खुर्च्या रांगेत लागतात, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होतं आणि अहवालातला आकडा वाढतो. देणाऱ्यांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांतल्या सुमारे 54 लाखांचं अपंगत्व चालण्याफिरण्याशी निगडित होतं. एवढी गरज असताना दान हवंच. पण त्या दानाचा हिशेब वाटपाच्या दिवशी बंद होऊ नये. दिलेली वस्तू वर्षानंतर वापरात आहे का, त्यावर तो व्हावा, एवढंच मला आज मांडायचं आहे.

शिबिरात बहुधा मिळते ती खुर्ची नीट पाहा. दवाखान्यात रुग्णाला या वॉर्डातून त्या वॉर्डात न्यायला ठेवतात तशी: सगळ्यांना एकच माप, रेक्झिनची झोळ पडणारी बैठक, उशी नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला खालचा दाब जाणवतच नाही. तो तासन्‌तास तसाच बसला की बैठकीच्या हाडांवर जखम, म्हणजे बेडसोर, होते, ती चिघळते आणि हिंडण्याफिरण्यासाठी दिलेली खुर्ची त्याला महिनोन्‌महिने पालथं झोपायला लावते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली हाताने चालवायच्या चाकाच्या खुर्च्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही मापं घेणं, वापर शिकवणं, नंतरची देखभाल आणि दुरुस्ती हे खुर्ची देण्याचेच भाग मानले आहेत. ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय टिकला तोही वस्तू माणसाला जुळली पाहिजे या जाणिवेमुळे. कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी आधी माणसाचा दिवस पाहिला. तो उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, चिखलात काम करतो. बुटात घालायचा पाय त्याच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून त्यांनी रबराचा पाय घडवला.

‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं, मापं घेत बसलो तर रांगेतली निम्मी माणसं रिकाम्या हाती परततील,’ असं म्हणणारे कार्यकर्ते रांगेतले चेहरे रोज पाहतात, म्हणून त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. पण बेडसोरचा उपचार खुर्चीपेक्षा महाग पडतो, आणि एका बेअरिंगपायी कोपऱ्यात पडलेली सायकल आकड्यात मोजली तरी त्या माणसाच्या हाती काहीच उरलेलं नसतं. दुसरा आक्षेप असा की हे काम सरकारचं आहे. आहेच. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने सुगम्यता हा हक्क ठरवला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं बजावलं. तो दबाव आपण सोडायचा नाही. मात्र हा कायदा सार्वजनिक इमारतीच्या दारापर्यंत जातो. चाळीतल्या उंबरठ्यापर्यंत तो सहसा पोचत नाही. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर एकास बारा या प्रमाणाने अठरा फूट उतार लागतो. तेवढी जागा कुठे आहे, शेजारी तयार होतील का, वळण कुठे द्यायचं, हे घरी जाऊनच ठरतं. तिथे दान खऱ्या अर्थाने कामी येतं. वस्तूच्या पुढे जाणारं असं काम झालेलंही आहे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांच्या संस्थेने 1984 पासून साधनांच्या जोडीने वसतिगृह, शिक्षण आणि रोजगार उभा केला, म्हणून तिथली खुर्ची माणसाला शाळेत आणि कामावर नेते.

मग हे सगळीकडे का होत नाही? अडचण आपल्यातच आहे. दाता विचारतो, ‘किती जणांना दिलं?’, आणि आपण त्याला हवं ते उत्तर देतो. दुरुस्तीच्या खर्चावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून तो खर्च आपण मागतही नाही. तो मागायला आता सुरुवात करू या. पुढच्या वर्षीच्या अहवालात वाटपाच्या आकड्याशेजारी ‘वर्षानंतर वापरात’ असा एक रकाना ठेवा, आणि आलेल्या दर शंभर रुपयांतले वीस दुरुस्तीसाठी बाजूला काढा, ही माझी इथे जमलेल्या प्रत्येक संस्थेला विनंती आहे.