तार काढली तरी दार बंद राहावं

कोथरूडमध्ये सुतारदरा, किष्किंधानगर या भागांतल्या बचत गटांचे हिशेब आम्ही आमच्या छोट्या कार्यालयातल्या संगणकांवर ठेवतो. आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, तो तपासतो आणि मगच आत सोडतो.

एका ताईंनी काम सोडलं, तेव्हा आम्ही त्यांचं नाव सर्व्हरवर बंद केलं. तरी आठवड्याभरात त्या संगणकावर बसलेल्या दिसल्या. नेटवर्कची तार त्यांनी काढून ठेवली होती! विंडोज संगणक आधी आत आलेल्या लोकांची ओळख स्वतःजवळ जपून ठेवतो, सहसा १० जणांची. सर्व्हर सापडला नाही, की त्या आठवणीवर आत घेतो. ताईंना फक्त मुलाचा अर्ज छापायचा होता. पण त्याच संगणकावर बायकांच्या कर्जाच्या हप्त्यांची नोंद होती. एखादा आकडा बदलला असता, तर कुणाला विचारणार?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये काढले. तिथेही एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही. मधल्या बनावट यंत्रणेनं परस्पर होकार दिला. रक्कम मोठी, पण युक्ती तीच: तपासणाऱ्यालाच वगळायचं.

मग आम्ही तंत्रज्ञाकडून चार गोष्टी करून घेतल्या. जपून ठेवायच्या ओळखींचा आकडा शून्य केला. संगणकावरची जादा खाती बंद केली. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बंद पाकिटात, अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सहीनिशी ठेवला. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होणं बंद केलं आणि त्या सेटिंगलाही पासवर्ड लावला.

याची एक अडचण आहे. सर्व्हर बंद पडला, की आम्हीही बाहेरच. त्या दिवशी नोंद कागदी वहीत करायची, हे ठरवून घेतलं.

आणि हो, ताईंवर आम्ही रागावलो नाही. अर्ज छापायला दुसरी सोय नव्हती, म्हणून त्यांनी आडवाट धरली. आता शनिवारी दुपारी एक वेगळा संगणक सगळ्यांसाठी खुला असतो. त्यावर हिशेब नाहीत.

तुमच्या गटाच्या कार्यालयातही असा संगणक असेल, तर या आठवड्यात सर्वांसमोर तार काढून बघा. पासवर्ड टाकल्यावर तो आत घेतो का? घेत असेल, तर पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच ठेवा.